सारसबागेत पाणी साचतं, कारण ती अजून तळंच आहे

प्रश्न विचारणाऱ्या ताई पाच वर्षांपूर्वी लातूरहून पुण्यात आल्या. नव्या पेठेत राहतात आणि सासऱ्यांना घेऊन रोज सकाळी सारसबागेत फिरायला जातात. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बाग रस्त्यापेक्षा इतकी खोल आणि मधलं गणपतीचं देऊळ तेवढं उंचावर, असं का? लोक ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात ते तळं गेलं कुठे, आणि पेशव्यांची बाग म्हणतात ती हीच का? तिसरा प्रश्न जरा चिडून विचारलाय: दर पावसाळ्यात हिरवळीवर पाणी साचतं, सासरे दोनदा घसरले, मग चार ट्रक मुरूम टाकून बाग उंच का करून घेत नाहीत?

मी गेली तीस वर्षं बागा आखण्याचं काम करते. त्यातली निम्मी वर्षं जुन्या वाड्यांच्या, संस्थानिकांच्या, बंगल्यांच्या बागा दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: मुरूम टाकू नका. सासऱ्यांच्या पायाखालची वाट उंच करून घ्या, पक्की करून घ्या, त्यासाठी भांडा, मीही सोबत येते. पण हिरवळ खोलच राहू द्या. असं का म्हणते ते कळायला पहिल्या दोन प्रश्नांत शिरावं लागेल, कारण तिन्हींचं उत्तर एकच आहे.

तळं कुठेही गेलेलं नाही. त्याचं पाणी गेलं. वाटी जिथल्या तिथे आहे आणि तुम्ही रोज सकाळी तिच्या तळाशी फिरता. मधलं देऊळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे, कारण ते बेट होतं. पायऱ्या चढून गणपतीला जाताना तुम्ही पाण्याच्या पातळीतून वर निघता. देवळाभोवती आज कमळं असलेलं जे थोडंसं पाणी दिसतं, तेवढीच त्या तळ्याची डोळ्यांना दिसणारी खूण उरली आहे.

आता हे झालं कसं ते सांगते. नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द १७४० ते १७६१. पर्वतीवरचं देवदेवेश्वराचं देऊळ १७४९ सालचं. त्या काळी पुणं म्हणजे कसबा आणि त्याच्या आसपासच्या चार पेठा. पर्वती गावाबाहेर होती आणि तिच्या पायथ्याशी शेतं, माळ आणि आंबिल ओढा. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून उतरतो. पूर्वी तो थेट गावाकडे यायचा आणि कसब्याच्या पश्चिमेने मुठेला मिळायचा. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबिल ओढा, या दोन पाण्यांच्या मधे जुनं पुणं बसलेलं होतं. पावसाळ्यात हा ओढा गावाला त्रास द्यायचा आणि त्याच्या पलीकडे वस्ती वाढवायची तर तो आडवा यायचा.

नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तळं केलं आणि ओढ्याला पश्चिमेकडे वळवून वरच्या अंगाला मुठेत सोडलं. सदाशिव, नारायण या पेठा वसायला जागा झाली ती या कामामुळे. म्हणजे ज्याला आपण शोभेचं तळं समजतो, ते मुळात पूरनियंत्रणाचं काम होतं, आणि त्याला शोभा नंतर चढवली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकाच बांधावर गावाचं संरक्षण, पाण्याचा साठा आणि संध्याकाळची फेरी अशी तीन कामं बसवलेली होती. जवळपास त्याच काळात कात्रजला तलाव बांधून तिथून गावापर्यंत बंदिस्त दगडी नळ आणला. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास बांधले, आणि शेवटी ते पाणी शनिवारवाड्यात नि पेठांच्या हौदांत सोडलं. डोंगर, ओढा, तळं, नळ, हौद ही सगळी एकच पाण्याची आखणी आहे. सारसबाग तिचं एक ठिगळ.

तळ्याच्या कामाची एक गोष्ट सांगतात. काम फार रेंगाळत होतं. एक दिवस नानासाहेब स्वतः कामावर आले, खाली उतरले आणि दगड उचलायला लागले. ते पाहून बरोबरच्या सरदारांनाही अंगरखे सावरून दगड वाहावे लागले, आणि मग कामाला वेग आला. मातीकाम चालू असताना साइटवर मालक आला की काय होतं हे मी अनेकदा पाहिलेलं आहे, त्यामुळे ही गोष्ट मला खोटी वाटत नाही.

तळं करताना मधे एक बेट राखलं. ते सुमारे २५ हजार चौरस फुटांचं होतं असं सांगितलं जातं. आकडा ऐकून मोठा वाटतो. चौकोन धरला तर बाजू साधारण १५८ फूट, म्हणजे माझ्या पावलांनी साठ-पासष्ट पावलं. त्या बेटावर जी बाग लावली तिचं नाव सारसबाग. मूळ सारसबाग एवढीच. आज ज्या मोठ्या हिरवळीला आपण सारसबाग म्हणतो ते पाणी होतं, आणि नाव बेटावरून उतरून पाण्याच्या जागेवर पसरलं. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी बेटावर सिद्धिविनायकाचं देऊळ बांधलं, तोच तळ्यातला गणपती. थंडीत ज्याला लोकरीचा स्वेटर नि टोपी घालतात तोच हा. आजही देऊळ पर्वतीच्या देवदेवेश्वर संस्थानाकडे आहे, म्हणजे टेकडीवरचा देव आणि तळ्यातला देव यांचं घर अजून एकच आहे. भोवतालची बाग मात्र महापालिकेची.

तेव्हा ‘पेशव्यांची बाग ती हीच का’ या प्रश्नाला माझं उत्तर असं की पेशव्यांची बाग हिच्यापेक्षा खूप मोठी होती आणि ही तिचा मधला तुकडा आहे. वर पर्वतीची देवळं नि वाडा. पायथ्याशी रमणा, जिथे श्रावणातली दक्षिणा वाटली जायची. मग तळं, तळ्यात बेट, आणि पलीकडच्या काठावर हिराबागेचा बागबंगला. गावापासून जरा लांब, मोकळ्या हवेत, देवाच्या निमित्ताने आणि विसाव्यासाठी राखलेली ही एक सलग जागा होती. आज टिळक रस्ता, स्वारगेटकडे जाणारा रस्ता नि कालवा यांनी तिचे इतके तुकडे केलेत की हिराबाग चौकात सिग्नलला थांबलेल्या माणसाला आपण एका तळ्याच्या काठावर उभे आहोत याची कल्पनाच येत नाही.

या चौकातून कधी डोळे मिटून बघा. पुढे पाणी आहे, पाण्यात झाडांनी भरलेलं बेट आहे, त्याच्या मागे पर्वती आहे आणि पर्वतीच्या माथ्यावर कळस आहेत. एकामागे एक असे चार पडदे. आखणी करणाऱ्याने हिराबागेची जागा निवडली ती या दृश्यासाठी, याबद्दल मला शंका नाही, कारण संध्याकाळी सूर्य टेकडीच्या बाजूला उतरतो आणि पाणी ते सगळं रूप दुप्पट करतं. दुसऱ्या बाजीरावाने १८०३ मध्ये व्हॅलेंशिया नावाच्या इंग्रज उमरावाला हिराबागेत मेजवानी दिली होती. पाहुण्याला काय दाखवायचं हे यजमानाला नेमकं ठाऊक होतं. उलट दिशेने, पर्वतीवरून, सगळा मुलूख दिसायचा. नानासाहेब पानिपतानंतर खचून जून १७६१ मध्ये गेले ते याच पर्वतीवर, आणि दुसऱ्या बाजीरावाने नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई पाहिली तीही इथूनच.

एक फरक इथे नोंदवते, कारण माझ्या विद्यार्थ्यांना तो सुरुवातीला उमजत नाही. पुण्यात दुसऱ्या धाटणीची मोठी बागवाडी म्हणजे गणेशखिंड. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६० च्या दशकात, तिथे राजभवन बांधायला घेतलं आणि १९४९ पासून तिथे विद्यापीठ आहे. तिथली सगळी आखणी घरापासून निघते. मनोरा लांबून दिसावा, बग्गी वळत वळत दारात यावी, पुढे मोठी हिरवळ, कडेला झाडी. पर्वतीच्या पायथ्याशी आखणी पाण्यापासून निघते. घर काठावर बसून पाण्याकडे पाहतं, देऊळ पाण्यात असतं, आणि जमीन कुठे उंच, कुठे खोल हे पाणी ठरवतं. म्हणून गणेशखिंडीतलं घर उद्या पडलं तर त्या बागेचा अर्थ हरवेल. इथे हिराबागेचं जुनं रूप गेलं, तळं आटलं, तरी जमिनीचा आकार बोलतो आहे.

१८१८ नंतर या सगळ्याची देखभाल करणारा धनी उरला नाही. तळं कसं मरतं ते सांगते, कारण ते एका दिवसात मरत नाही. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी रोज साधारण सात-आठ मिलिमीटर उतरते. शंभर दिवसांत पाऊण मीटर पाणी नुसतं हवेत जातं. वरून ओढ्याचं पाणी येत असेल आणि दर काही वर्षांनी गाळ काढला जात असेल तर हे चालतं. पाणी येणं कमी झालं, गाळ काढणं थांबलं, की तळ दरवर्षी वर येतो आणि उन्हाळ्यात उथळ पाण्याचा चिखल होतो. चिखलात डास होतात. डास झाले की गाव म्हणतं, तळं बुजवा. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावतळ्यांची हीच कहाणी आहे. त्यात १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण नि त्याचा उजवा कालवा झाला. पर्वतीच्या पायथ्यावरून कालवा वाहू लागला, गावाला पाणी दुसरीकडून मिळू लागलं, आणि तळ्याची गरज कुणाला उरली नाही.

हिराबाग मात्र लवकर लोकांची झाली. एकोणिसाव्या शतकात तिथे टाउन हॉल होता. पेशव्यांच्या मेजवानीच्या जागी लोक सभेला बसू लागले. या जहागिरीतला सार्वजनिक झालेला पहिला तुकडा मी यालाच मानते, कारण तिथे माणसं बोलायला येत होती.

पुढचं तुम्हाला बरंचसं माहीत असेल. पुणे महापालिका १९५० ची. तिने १९५३ मध्ये तळ्याच्या शेजारी पेशवे पार्क काढलं. तिथे प्राणिसंग्रहालय झालं आणि १९५६ मध्ये फुलराणी सुरू झाली. माझ्या पिढीच्या पुणेकरांचं बालपण त्या छोट्या आगगाडीत गेलं. वडील तिकीट काढेपर्यंत मी कुंपणाला धरून इंजिनाच्या वळणाकडे पाहत उभी असायची, आणि गाडी झाडांमागून निघाली की पोटात काहीतरी व्हायचं ते अजून आठवतं. प्राण्यांना तिथे जागा फार अपुरी होती. १९९९ मध्ये कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत पिंजरे रिकामे झाले. म्हणजे प्राणी गेले ते याच ओढ्याच्या उगमाकडे, पेशव्यांच्याच दुसऱ्या तलावाच्या काठी. दोन्ही जागा एकाच पाण्याच्या दोन टोकांना आहेत हे तिथल्या फलकांवर लिहायला हवं असं मला फार वाटतं. तळ्याचीही बाग झाली, १९६० च्या दशकात. पाणी काढलं, माती पसरली, हिरवळ लावली, आणि बेटाचं नाव सगळ्या जागेला मिळालं.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते आणि इथे जरा थांबते, कारण दर पावसाळ्यात कुणीतरी हा प्रश्न विचारतं आणि दर काही वर्षांनी कुणीतरी भर घालण्याचा प्रस्ताव मांडतं.

आधी हिशेब करू. तळ्याची जागा सुमारे २५ एकर सांगतात. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे सगळी जागा एक लाख चौरस मीटरच्या थोडी वर. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो रोज थोडा थोडा पडत नाही. एखाद्या रात्री ५० मिलिमीटर पडतो. ५० मिलिमीटर गुणिले एक लाख चौरस मीटर म्हणजे ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर. दहा हजार लिटरचे पाचशे टँकर. आणि हे फक्त आकाशातून थेट त्या जागेवर पडलेलं पाणी. भोवतीच्या रस्त्यांवरून वाहून येणारं वेगळं. ही वाटी भरून उंच केली तर हे पाचशे टँकर त्या रात्री कुठे जाणार? रस्त्यावर, आणि रस्त्यावरून सखल वस्तीत. ती वस्ती ओढ्याच्या काठी आहे.

ओढ्याची आठवण पुणेकरांना नव्याने करून द्यायला नको. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ कालवा फुटला आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं. जवळपास एका वर्षाने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं वाहून गेली. ज्या ओढ्याला पावणेतीनशे वर्षांपूर्वी तळं आणि नवी वाट करून दिली होती, त्याच्या तळ्याची बाग झाली आणि वाटेवर घरं झाली. पाणी मात्र तेवढंच आहे, किंबहुना वरच्या डोंगरात सिमेंट वाढल्यामुळे ते आता जास्त वेगाने येतं. अशा गावात जी एक मोठी खोलगट जागा अजून मोकळी आहे, तिथे दोन दिवस घोटाभर पाणी उभं राहिलं तर मी त्याला बागेचा दोष म्हणणार नाही. ती जागा अजून आपलं काम करते आहे.

दुसरं कारण मातीचं. जुन्या तळ्याच्या जागी खड्डा घेतला की काय दिसतं ते मी एका गावी पाहिलंय. वर वीतभर लाल माती, बागेसाठी आणलेली. तिच्याखाली मुरमाची भर, विटांचे तुकडे, एखादी बांगडी. आणि तीन फुटांच्या आसपास अचानक रंग बदलतो: राखाडी-काळा, चिकट, हातात घेतला तर साबणासारखा गुळगुळीत गाळ. त्यात पांढरे छोटे गोगलगाईंचे शंख, जिवंत असल्यासारखे अखंड. वासही वेगळा, पावसाळी डबक्याचा. आमचा मुकादम म्हणाला, “ताई, ही माती अजून पाण्यातच आहे.” हा गाळ पाणी खाली जाऊ देत नाही. त्याच्यावर कितीही मुरूम टाका, पाणी मुरमातून झरझर उतरतं आणि गाळावर येऊन थांबतं. वरून कोरडी दिसणारी हिरवळ पायाखाली हलायला लागते. साचलेलं पाणी डोळ्यांना दिसायचं ते दिसेनासं होतं, एवढाच काय तो फायदा.

तिसरं कारण झाडांचं, आणि हे मी स्वतः सोसलेलं आहे. एका जुन्या संस्थानी बागेचं काम माझ्याकडे होतं. गावाचं नि संस्थेचं नाव सांगत नाही. आमराई खोलगट जागेत होती, पावसाळ्यात तिथे पाणी उभं राहायचं. मी नको म्हणत असताना संबंधितांनी सुट्टीच्या दोन दिवसांत दीड फूट भर घालून घेतली आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटात असतात, कारण त्यांना हवा लागते. त्यांच्यावर दीड फूट माती म्हणजे श्वास कोंडणं. खोडाचा बुंधा पुरला गेला की साल ओली राहून कुजायला लागते. पहिल्या वर्षी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्याची पानं बारीक झाली. तिसऱ्या वर्षी सात आंबे उभे वाळले आणि लोक म्हणाले, झाडं म्हातारी झाली होती. ती म्हातारी झालेली नव्हती. मी त्यांचे बुंधे उकरून पाहिले होते, साल बोटाने निघत होती.

मग करायचं काय? वाटा उंच करा. चालायच्या रस्त्याच्या कडेला उथळ चर द्या, गवताचेच, सिमेंटचे नकोत, म्हणजे पाणी वाटेवरून उतरून हिरवळीत जाईल आणि वाट तासाभरात कोरडी होईल. घसरण होते ती बहुधा शेवाळ धरलेल्या गुळगुळीत फरशीवर. तिथे खरबरीत दगड हवा. सर्वांत खोल भागात चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी उभं राहील असं गृहीत धरा आणि तेवढ्या भागात बाकं, विजेचे खांब, खेळणी ठेवूच नका. त्या भागात झाडं लावायची तर पाण्यात पाय ठेवून जगणारी लावा: करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर, वाळुंज. गुलमोहर तिथे लावू नये. त्याची मुळं वरवरची असतात आणि ओल्या जमिनीत तो वाऱ्याने आडवा होतो.

आणि गवत? या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. आपली साधी हरळी दोन-चार दिवस पाण्याखाली राहिली तरी मरत नाही, पाणी ओसरलं की पुन्हा उठते. महागडी, मऊ, रुंद पानांची आयती चटई अंथरली की पहिल्या पावसाळ्यात ती पिवळी पडते आणि मग लोक म्हणतात, बघा, इथे गवतच टिकत नाही. हरळी म्हणजेच दूर्वा. गणपतीच्या पायाशी दूर्वांचं मैदान असावं, आणि नेमकं तेच गवत त्या जमिनीला मानवावं, याचा मला दर वेळी आनंद होतो.

सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, तिथे तुम्ही सासऱ्यांना नेलं असेलच. ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. ती मूळ बाग तिथल्या इकेदा घराण्याच्या सरदाराने १६८७ ते १७०० या काळात करून घेतली, आणि १८८४ मध्ये ती प्रांताच्या सरकारकडे जाऊन लोकांना खुली झाली. म्हणजे सरदाराची खासगी बाग सार्वजनिक कशी करावी याचा एक नमुना आपण दुसऱ्या देशातून आणून जपतो आहोत, आणि तसाच आपला स्वतःचा नमुना पर्वतीच्या पायथ्याशी आहे. ओकायामाच्या बागेत तळं, टेकाड, पाण्याचे पाट जागच्या जागी राहिले आणि मागची टेकडी नि किल्ला दृश्यात राहिला. पर्वती पायथ्याला आपल्या हातात तळं भरून आणणं आता नाही. पण देवळाच्या पायऱ्यांवरून पर्वतीचा कळस दिसतो की नाही एवढं तरी राखता येईल. त्या रेषेत उंच झाड लावू नये, खांब रोवू नये, फलक उभारू नये. माझ्या मते सारसबागेच्या कुठल्याही आराखड्यात पहिली ओळ हीच असायला हवी. कारंज्यांचे नि रंगीत दिव्यांचे विषय त्याच्या खूप नंतर यावेत.

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे तुम्ही तिथे गेला असाल तर हजारो पणत्या पाहिल्या असतील. लोक त्या मांडतात तेव्हा पायऱ्यांवरून सुरुवात करून खाली खाली येतात. त्या दिव्यांची ओळ जिथे खालच्या सपाट जमिनीला टेकते, जवळपास तिथेच कधीकाळी पाण्याची कड होती.

एखाद्या रविवारी एवढं करा. सासऱ्यांना जमत असेल तर सकाळी आधी पर्वती चढा. शंभराच्या थोड्या वर पायऱ्या आहेत, रुंद आहेत, थांबत थांबत होतात. वरून उत्तरेकडे पाहा आणि झाडांचा तो मोठा हिरवा गोळा शोधा. रस्ते डोळ्याआड करून फक्त जमिनीची उंची-खोली बघा. मग खाली उतरून बागेत या. आणि जून-जुलैत, रात्रभर जोराचा पाऊस पडून गेल्यावर, सात वाजता देवळाच्या पायरीशी उभ्या राहा. निर्माल्यातली झेंडूची एक पाकळी वाहत्या पाण्यात सोडा आणि ती कुठे जाऊन थांबते ते पाहा. जिथे थांबेल तिथे उभं राहून सासऱ्यांना सांगा, तळ्याचा सर्वांत खोल भाग हा होता.